हार कुणी काढायचा

आमच्या आक्काला वैराग्य आलं, असं सगळं गाव म्हणतंय. म्हणू दे. मी तिची धाकटी जाऊ, दीपा. एका स्वयंपाकघरात दोघींचा जन्म गेला, तिला काय आलतं ते मला ठावं हाय. ती दमली होती.

असं म्हटलं की बायका डोळं वटारून माझ्याकडं बघत्यात. दीक्षा घेतलेल्या बाईबद्दल असं बोलतात व्हय, म्हणं. अगं बायांनो, मी वंगाळ काय बोलले? दमलेलं माणूस देवाच्या दारात गेलं तर देव काय त्याला हाकलून देतोय? आमचा तर देवसुद्धा सगळं सोडूनच देव झालेला.

उचगावात आमचं पशुखाद्याचं दुकान हाय. सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा. दुकान पुढं, घर मागं. आक्का म्हणजे त्रिशला, मलकापूरची लेक, आमच्या थोरल्या भावजींची बायको. मी लग्न होऊन आले तेव्हा कडेवर लेकीला, आदितीला घेऊन दारात उभी होती. ओवाळणं-बिवाळणं झालं, बायका पांगल्या, आणि मला आत नेऊन म्हणाली, "आलीस, बरं झालं बघ. भाकरी थापताना बोलायला कोणतरी मिळालं." तिथनं जमलं ते जमलंच. भांडलो पण चिक्कार. एकदा मिठावरनं आठ दिवस अबोला धरला होता, आणि तेवढे दिवस दोघींनीबी आमटीत मीठ घातलं. घरातले पुरुष पाणी पिऊन पिऊन बेजार.

तिच्या वाट्याला काय आलं ते सांगते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं हागणं-मुतणं तिनं काढलं. मी करते म्हटलं तर म्हणायची, तुझी पोरं लहान हायत, तू त्यांच्याकडं बघ. सासूबाई गेल्या, आता जरा पाठ टेकावी म्हटलं, तर भावजींच्या किडन्या गेल्या. मग कोल्हापूरच्या दवाखान्याच्या वाऱ्या. सकाळी डबा, औषधं, टॉवेल घेऊन निघायची, दिवेलागणीला भावजींचा दंड धरून परत यायची, आणि चप्पल काढता काढता विचारायची, दूध तापवलं काय गं?

आणि चौका! चातुर्मासात महाराज गावात असले की त्यांच्या आहारासाठी शुद्ध स्वयंपाक करायचा, त्याला आमच्या जैनांत चौका म्हणतात. पहाटे अंघोळ, धुतलेली वेगळी लुगडी, विहिरीचं पाणी गाळून घ्यायचं, पीठ घरात दळायचं. सगळं करून, हातात कलश घेऊन दारात उभं ऱ्हायचं. महाराज आले तर आपलं नशीब, न्हाईतर समोरनं निघून दुसऱ्याच्या दारात जायचे. आक्का जाणाऱ्या पाठीला नमस्कार करायची आणि कलश खाली ठेवून म्हणायची, "चला, आपण तरी जेवूया." मी हसून हसून लोळायची. ती पण हसायची, पण भिंतीला टेकून.

आता हाराचं. सासूबाई अंथरुणात असतानाच एका वर्षी भावजींना कुठल्याशा कंपनीची एजन्सी मिळाली आणि हातात पैसा खेळाय लागला. आक्कानं मागितलं काय, तर कपडे धुवायचं मशीन. भावजींनी आणलं काय, तर कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफाकडनं हिऱ्यांचा हार. पुरुषाची जात! पण हार देखणा होता हं, खोटं कशाला बोलू. बारीक बारीक हिरे एकाला एक लागून, मधोमध एक टपोरा. दिव्याखाली धरला की त्यातनं निळं, तांबडं काहीबाही निघायचं. आमच्यात बायकांना सोनं कळतं. बोरमाळ बघितली की वजन सांगतील. हिऱ्याचं काय? लग्नाकार्यात निम्म्या बायका जवळ येऊन, बोट लावून विचारायच्या, "खडं खरं हायत न्हवं?" आक्कानं पहिल्यांदा तो गळ्यात घातला, आरशात बघितलं आणि भावजींना म्हणाली, "छान हाय. आता चादरी कोण धुणार?"

भावजी गेले त्या दिवशी हार कपाटात गेला तो गेलाच.

आदिती शिकली, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंपनीत लागली. लग्न झालं, नवराबायको तिथंच जवळ राहत्यात. बाप गेल्यावर तिनं आईच्या मागं धोशा लावला. माझ्याकडं ये, आता आराम कर. आक्का म्हणाली, "तुझ्याकडं येऊन काय करू? तू कामावर जाणार, मी परत तुझ्या भाकऱ्या थापणार. आराम कसला?" पोरगी म्हणाली, बाई ठेवते स्वयंपाकाला. आक्का म्हणाली, मग मी त्या बाईच्या मागं उभी ऱ्हाणार. खरं होतं ते. ओट्यापाशी उभं राहिल्याशिवाय तिला जमलंच नसतं.

आणि मग त्या वर्षी माताजींचा, म्हणजे आमच्या साध्वींचा, संघ आमच्या गावात चातुर्मासाला राहिला. आक्का रोज प्रवचनाला जाऊन बसायची. मला वाटलं, बसतीया, बरं हाय, तेवढंच बूड टेकतंय. चातुर्मास संपायला आला आणि एका दुपारी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "दीपा, मी दीक्षा घेणार हाय."

मी हातातली शेंगांची मूठ फेकून मारली भिंतीवर. "आणि मी? मी कुणाशी बोलू मग या घरात? पेंडीच्या पोत्यांशी?"

"तू पण चल की."

"माझा चहा सुटत न्हाई," मी म्हटलं, आणि रडाय लागले. रडायचं कारण चहा नव्हतं, कळतंय की तुम्हाला.

आदिती आली ती तणतणतच. असलं भांडण आमच्या घरात झालं नव्हतं. "आमचा कंटाळा आला असं सरळ म्हण की!" पोरगी ओरडली. आक्का आवाज न चढवता म्हणाली, "तुमचा न्हाई गं. माझा मलाच आलाय." आदिती दारातनं निघून गेली. दीक्षेआधी घरच्यांनी संमती द्यायची असती, त्या बैठकीलाही फिरकली न्हाई. फोन उचलायची न्हाई. आक्का रोज संध्याकाळी फोन लावायची, वाजून वाजून बंद होईपर्यंत कानाला धरायची, आणि ठेवायची. मला वाटायचं, हिचं सुटलं म्हणतात ते हेच व्हय?

दीक्षेच्या दिवशी पहाटे आदिती आली. सरळ मागच्या दारानं माझ्याकडं. डोळे सुजलेले.

"काकू, हार मी घेणार."

आता इथं आमची रीत सांगायला पायजे. देवाच्या कार्यातला मान आमच्यात सवालात घेतात. माइकवर पुकारा होतो, जो जास्त बोलंल त्याला मान, पैसा बस्तीला, म्हणजे आमच्या देवळाला. दीक्षा घेणाऱ्या बाईला आदल्या दिवशी नवरीसारखं नटवून गावातनं मिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी मंडपात अंगावरचा एकेक दागिना सोडतात. आमच्या बस्तीत त्या दागिन्याचाही सवाल होतो, आणि ज्यानं सवाल घेतला त्यानंच तो दागिना अंगावरनं उतरवायचा, मग तो त्याचाच. पुरुषानं घेतला तर त्याच्या घरच्या बाईनं उतरवायचा, कारण दीक्षेला बसलेल्या बाईला पुरुष हात लावत न्हाई. सगळ्यात शेवटी हार.

"तुला कशाला तो हार?" मी विचारलं. पोरीचा कधी जीव नव्हता दागिन्यावर.

"हार बस्तीलाच देऊन टाकणार हाय मी. मला तो तिच्या गळ्यातनं काढायचाय, काकू. त्यानंतर ती आई नसणार. हात लावला तरी पाया पडायला लावायचा, बाकीच्यांसारखा." तिला पुढं बोलवंना. "मी साठवलेलं सगळं घेऊन आलेय. कुणाला सांगू नको. मामाला तर मुळीच न्हाई. मला कुणाच्या दयेनं नको, माझ्या कमाईनं पायजे. शपथ घे माझी."

घेतली शपथ. आईसारखीच हट्टी, दुसरं काय.

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मलकापूर, जयसिंगपूर, कुठनं कुठनं पावणं आलेले. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. व्यासपीठावर माताजी, आणि खाली चौरंगावर आमची आक्का, लाल शालू, हातभर बांगड्या, गळ्यात तो हार. इतक्या वर्षांनी तो तिच्या गळ्यात बघितला. गळा सुकला होता, हार मात्र तेवढाच लकाकत होता.

सवाल पुकारायला आमच्या बस्तीचे तवनाप्पा. म्हातारा माणूस, आवाज खणखणीत. बांगड्यांचा सवाल झाला, नथीचा झाला, कमरपट्ट्याचा झाला. बायका एकेक येऊन दागिना उतरवून घेत होत्या. आक्का डोळे मिटून. मग तवनाप्पांनी हाराचं नाव घेतलं.

आदितीनं हात वर केला आणि पहिला सवाल बोलली. चांगला मोठा बोलली. तवनाप्पा एक वार म्हणाले, दोन वार म्हणाले, आणि मला वाटलं, झालं बाई, सुटलो.

"थांबा!"

पुरुषांच्या बाजूनं ऋषभ पावणं उभे राहिले. आक्काचे सख्खे थोरले भाऊ. मलकापुरात सिमेंट-पत्र्याचं दुकान हाय, अंगानं दांडगे, मनानं भोळे. बहिणीवर जीव. ते वरचा सवाल बोलले.

आदिती पुढचा बोलली. मामा त्याच्या पुढचा. पुन्हा ती. पुन्हा ते. माझ्या मागं बायकांची कुजबुज सुरू झाली. "लेकीचा जीव हारात अडकलाय बघ." "आईला भेटाय सहा म्हयने आली न्हाई, आज बरी आली." मी मागं वळून असं बघितलं की दोघी गप्प झाल्या, पण तिसरी बोललीच. "हिऱ्याचा हाय, सोडंल व्हय कोण?"

माझ्या तोंडात शब्द वळवळत होते. पण शपथ! जीभ दाताखाली धरून बसले.

ऋषभ पावण्यांनाही तेच वाटलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. भाची आईनं सोडलेला हार परत घरात न्यायला आलीया. ते माइककडं बघत मोठ्यानं बोलले, "माझ्या भणीनं टाकलेली वस्तू परत कुणाच्या कपाटात जायची न्हाई. मी घेणार आणि भगवंतापुढं ठेवणार." मंडपानं जयजयकार केला. आणि ते असं काही बोलले की आदितीचं सगळं साठवलेलं त्यात दोनदा बुडलं असतं.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. बिचारा काय करणार?

"एक वार..." तवनाप्पा म्हणाले.

आदिती बसली. तोंडावर पदर न्हाई, हात न्हाई, काही न्हाई. नुसती समोर बघत बसली.

"दोन वार... तीन वार! हाराचा मान मलकापूरच्या ऋषभ आण्णांचा!"

टाळ्या काय, जयजयकार काय. चूक कुणाची म्हणायची? त्या माणसानं बहिणीचा मान वाढवला. आमच्यात सवाल कमी गेला तर दीक्षा घेणाऱ्याचा अपमान झाला असं धरतात. त्यानं जे केलं ते मायेनंच केलं, आणि त्या मायेनंच पोरीचा हात आईपासनं तोडला.

आणि मग पावण्यांनी आणखी एक केलं. "आमच्या मंडळींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या घरी हायत," ते माइकवर म्हणाले. "तवा आमच्या वतीनं दीपावैनींनी हार उतरवावा. त्रिशलाचं खरं माणूस त्याच." आणि माझ्याकडं बघून हात जोडले.

सगळा मंडप माझ्याकडं बघाय लागला. मी उठले. आता खरं सांगते, मला तो मान पायजे होता. का नको? सगळा जन्म तिच्याबरोबर मी काढला. तिचे केस मी विंचरले, ताप आला तर डोक्यावर पट्ट्या मी ठेवल्या. तिच्या गळ्याला शेवटचा हात माझा लागला असता तर कुणाचं काय गेलं असतं? चार पावलं चालले सुद्धा. आदितीच्या जवळनं जावं लागत होतं. तिनं पाय आत ओढून मला वाट करून दिली.

ते काही मला सोसलं न्हाई.

"पावणं," मी तिथनंच ओरडले. माइक नव्हता, पण आमच्या आवाजाला माइक लागतोय कुठं! "पावणं, तुमचं चुकलं! या पोरीला हार नको होता. ती पण देवालाच देणार होती. तिला आईला हात लावायचा होता. एवढंच. एवढ्यासाठी सगळं साठवलेलं घेऊन आली, आणि तुम्ही तिच्या वर बोलत सुटलाय! तिनं मला शपथ घातली होती. मोडली मी शपथ. लागू दे पाप."

माझ्या मागच्या त्या बाईनं पदर तोंडाला लावला. ऋषभ पावण्यांचं तोंड असं झालं की मला त्यांचीच दया आली. एवढा दांडगा माणूस, खुर्चीची पाठ धरून उभा.

"मला... मला कुणी सांगितलं न्हाई की," ते म्हणाले.

तवनाप्पा घोटाळले. "सवाल मोडता येत न्हाई, आण्णा. बोलला तो बोलला. उतरवायचा तुमच्या घरच्याच बाईनं."

"मोडतंय कोण?" पावण्यांनी डोळे पुसले. "सवाल माझाच. आणि भाची म्हंजे माझ्या घरचीच की. मामाचं घर भाचीचं नसतं व्हय? आदिती काढंल."

तवनाप्पांनी माताजींकडं बघितलं. माताजींनी नुसती मान हलवली.

आणि ही कारटी उठायलाच तयार न्हाई! "मला असं नको, काकू," म्हणाली. "माझ्या कमाईनं पायजे होतं."

"ऊठ!" मी तिचं मनगट धरलं. "कमाई-बिमाई नंतर बघू. तिकडं तुझी आई बसलीया, आणखी थोडा वेळच आई हाय. ऊठ म्हणते ना!"

उठली. माझ्या हाताला धरून चौरंगापर्यंत आली. मी बाजूला झाले. आदिती आक्काच्या मागं उभी राहिली, केस बाजूला केले, हाराच्या फाशाला दोन्ही हात लावले.

आणि तशीच थांबली.

मला वाटलं, फासा निघंना झालाय. तसं नव्हतं. तिला काढायचाच नव्हता. बोटं आईच्या मानेवर ठेवून ती नुसती उभी. तिच्या डोळ्यांतलं पाणी आक्काच्या शालूवर पडत होतं, थेंब दिसत होते मला. तवनाप्पा माइक धरून थांबले. मंडपातली माणसं थांबली. मुहूर्त निघून चालला होता आणि कुणाची बोलायची छाती होईना. माझीसुद्धा. काढू नको गं, असं माझ्या मनात आलं, देवाशपथ आलं. असंच उभं राहा दोघी, दिवस मावळू दे.

आक्कानं सकाळपासनं मौन धरलं होतं. डोळे उघडले नव्हते. तेवढ्यात डोळे न उघडताच ती बोलली. घरात बोलायची तशा आवाजात, ओट्यापाशी उभी राहून बोलायची तशा. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं, बाकी कुणाला न्हाई.

"काढ बाळा. मान दुखाय लागलीया."

आदितीनं काढला.

मोकळी झालेली मान आक्कानं एकदा डावीकडं वळवली, एकदा उजवीकडं. मग समोर केली. आम्ही दोघी तिच्या मागंच उभ्या होतो, पण मागं तिनं बघितलं न्हाई.